उदकवाडीचा रेटा

‘रेट! रेट गं बाई, रेट!’

हा आवाज नीराच्या कानात पंचवीस वर्षं मुक्कामाला होता. वादळी संध्याकाळ, आणि पाण्यावरून फाटत आलेली ठकूमावशीची हाक. नीरा तेव्हा नऊ वर्षांची, थोरल्या बहिणीच्या तराफ्यावर गोधडीत तोंड खुपसून बसलेली. सकाळी पाणी निवळलं तेव्हा सगळी वस्ती म्हणत होती, शेजारच्यांनी भांडणापायी दोर टाकला नाही, म्हणून ठकूचा नवरा महादू बुडाला.

‘पण मावशी तर रेट म्हणत होती,’ नीरा म्हणाली. दोर मागणारं माणूस ‘ओढ’ म्हणेल, ‘रेट’ कशाला म्हणेल? मोठ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वादळात माणूस काय वाट्टेल ते ओरडतं, म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुढं ती शिकली, ताऱ्यांच्या गणितात शिरली. स्वतःच्या समीकरणातल्या एका राशीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा तिच्या हातून आपसूक लिहिलं गेलं: रेटा.

आज त्याच समीकरणानं तिला उदकवाडीला परत आणलं होतं.

मोजणीची होडी धरणाच्या फुगवट्यावरून सरकत होती. खाली कुठंतरी जुनी शिवारं होती, बांध होते, एका शाळेचा झेंड्याचा ओटा होता. पाणी चढत गेलं आणि उतरलंच नाही. तेव्हा काठावरच्या माणसांनी पिंपांवर बांबू बांधले, बांबूंवर घरं बांधली, आणि अशी शेकडो तरती गावं नदीच्या पाठीवर उभी राहिली. पीठगिरणी तरंगत होती, देऊळ तरंगत होतं, कोंबड्यासुद्धा तरंगत होत्या आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

पाण्यावर शेजार करायचा तर दोन गोष्टी लागत. एक दोर, म्हणजे घर वाहून जाऊ नये. दुसरा रेट्याचा बांबू. तो दोन तराफ्यांच्या मधे आडवा लावायचा, म्हणजे लाटेनं घर घरावर आदळू नये. नवं घर आलं की शेजारीण दोर देई, आणि दोर देताना बाया म्हणत:

दोर देते गं सई । गाठ मारते नीट
मधी राहू दे बाई । पाण्याला पायवाट

‘मॅडम, तुमचं माहेर दिसायला लागलं,’ तांबोळी साहेब म्हणाले. वस्ती गणित मंडळाचे ते मोजणी अधिकारी. माणूस मऊ बोलणारा. घरादाराची राखरांगोळी करणारा आदेशही ते अजिजीनं वाचून दाखवत.

नीरानं पाहिलं. लहानपणी उदकवाडी दिसायची ती विस्कटलेल्या जाळ्यासारखी; याचा दोर त्याला, त्याचा तिसऱ्याला, मधे फटी, फटींत बांबू. आता सगळे दोर एकाच तराफ्याकडं धावत होते. घरं एकमेकांना चिकटून बसली होती, पाखरं पंखाखाली बसावीत तशी. मधे पाणी दिसतच नव्हतं. अगदी मध्यावर, निळ्या पत्र्याचं छप्पर असलेला तो तराफा तिच्या बहिणीचा होता. सीनाक्काचा.

*

तारा म्हणजे एक चालू भांडण असतं. ताऱ्याचं स्वतःचंच वजन त्याला आत, मध्याकडं ओढत असतं आणि पोटातली आग बाहेर रेटत असते. दोघं तुल्यबळ आहेत तोवर लांबून तारा शांत, झळझळीत दिसतो. मग इंधन संपतं, आग विझते. तरीही काही तारे टिकतात. कारण त्यांच्या पोटातले बारीक कण एका जागी दोघांनी बसायला नकार देतात. वजन कितीही दाटून येवो, प्रत्येक कण म्हणतो, ही जागा माझी, तू सरक. नुसत्या नकारावर तो विझलेला गोळा अब्जावधी वर्षं उभा राहतो. पण वजन एका मर्यादेपलीकडं गेलं की नकार मोडतो, आणि ताऱ्याचा गाभा पापणी लवायच्या आत स्वतःतच कोसळतो.

नीरानं दाखवलं होतं की जाळ्यांचंही असंच असतं. जाळं म्हणजे गाठी आणि धागे. माणसं गाठी, त्यांचे लागेबांधे धागे. धागे एकमेकांत गुंतलेले असले तर दहा तुटूनही जाळं राहतं. पण सगळे धागे एकाच गाठीकडं वळले, आणि गाठींनी एकमेकींना ‘सरक’ म्हणणं सोडलं, तर वस्ती वरून सुखी दिसते आणि आतून तिची मर्यादा भरत येते. ओढीला रेट्यानं भागायचं. उत्तर एकच्या वर गेलं की ती वस्ती कोसळणार. केव्हा ते सांगता येत नाही. कोसळणार हे नक्की. या उत्तराला लोक कोसळांक म्हणू लागले.

मोजणं सोपं होतं. पाण्यावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात सरकारी जीवमणी असे. माणूस बुडालं तर मण्यामुळं सापडायचं. तोच मणी हेही टिपायचा की कोण कुणाजवळ गेलं, कुणाचा आवाज ऐकून कुणाची पावलं वळली, आणि कुणाची वळली नाहीत.

आणि अंक एकच्या वर गेला की मंडळ वस्तीची विखुरणी करत असे. काठावरच्या शहरांत उंच इमारती होत्या. एक घर एका शहरात, दुसरं दुसऱ्या शहरात. एकत्र नेलं तर ओढही बरोबर जाते, असं कारण दिलेलं असे. कारण नीराच्याच निबंधातून घेतलेलं होतं.

उदकवाडीचा अंक एकच्या थोडासाच वर होता. आज शेवटची मोजणी. उन्हं कलेपर्यंत तो उतरला नाही, तर दोर सोडायचे.

*

‘आलीस व्हय?’ सीनाक्का चुलीपासून न उठताच म्हणाली. ‘चिलापीचं कालवण केलंय. आधी जेव, मग आमाला बुडव.’

‘आक्का, मी बुडवायला नाही आले.’

‘मग ह्यो सायब कशापायी आणलास? मासं मोजाया?’ तिनं तांबोळींकडं पाट सरकवला. ‘बसा सायेब. दोर कापाया आला असाल तर सुरी आमचीच घ्या. धार चांगली हाय.’

तांबोळी साहेब बसले, आणि कालवणाला नाही म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

सीनाक्का पन्नाशीची झाली होती. आईबाप गेल्यावर तिनंच नीराला वाढवलं. दोघींची नावं बापानं नद्यांवरून ठेवलेली. पण सीनेला पाणी कमी आणि नीरेला जास्त, असं काही घरात दिसलं नाही. सगळं पाणी थोरलीकडंच होतं. जेवणं होईपर्यंत चारजण येऊन गेले. एकाला विचारायचं होतं, जाळं आज टाकू की उद्या. एका पोरीला विचारायचं होतं, आलेलं स्थळ बघू का. एक म्हातारा नुसताच येऊन, ‘आक्का, थंडी वाजतीया,’ म्हणाला, आणि ‘घोंगडं घ्या की मग,’ असं ऐकून समाधानानं परत गेला.

‘बघितलंस?’ नीरा म्हणाली. ‘त्याला थंडी वाजते हे त्याला कळतं, पण घोंगडं घ्यायचं हे तुला विचारावं लागतं.’

‘म्हाताऱ्या माणसाला दोन शब्द बोललं तर तुझा आकडा दुखतो व्हय?’

‘कमळेवाडीचं ऐकलंस ना तू?’

सीनाक्काचा हात थांबला. कमळेवाडीचं सगळ्यांनी ऐकलं होतं, पण नीट कुणी सांगितलं नव्हतं. नीरा तिथं मोजायला गेली होती.

‘तिथं एक भाऊसाहेब होते. तुझ्यासारखेच. सगळी वस्ती त्यांच्या शब्दात. एका दुपारी झोपले ते उठलेच नाहीत. आक्का, तिथं कुणी वाईट वागलं नाही गं. पण दुसऱ्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. कुणालाच काही ठरवता येईना. आठवडा उलटायच्या आत एक लेकरू पाण्यात पडलं. कडेला दहा-बारा माणसं उभी होती, सगळी पोहणारी. प्रत्येकाला वाटलं, सांगणारं कुणी सांगेल.’

चुलीत लाकूड तडकलं.

‘म्हंजी भांडाण असतं तर ते पोरगं वाचलं असतं?’ सीनाक्कानं हळू विचारलं.

‘कुणीतरी कुणाचं न ऐकता उडी टाकली असती.’

‘आणि भांडणानं महादू गेला, ते?’ आता तिचा आवाज चढला. ‘पलीकडच्या घराशी हाडवैर. मी आदल्या दिसापातूर त्याच्या पाया पडत हुते, बाबा, शबूद दे, मधला बांबू काढ, मिटवून टाक. बघू म्हनला. वादळ आलं, आणि त्या घरानं ह्याला मरू दिलं, पर दोर दिला न्हाई. ठकूचं कुंकू मी ह्या हातानं पुसलं, निरे. त्या दिशी ठरवलं, उदकवाडीत पुन्यांदा भांडाण न्हाई. समद्यांनी दोर माझ्या घराला बांधायचा. आणि बांबू काढून टाकायचं. बांबू म्हंजे काय? तू माझ्यापातूर येऊ नगंस, असंच की न्हाई?’

तसंच झालं होतं. ते शेजारचं घर पुढच्या वर्षी दोर सोडून निघून गेलं. जाताना ते काहीतरी सांगू बघत होते, पण तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानंतर उदकवाडीत भांडण झालं नाही. तंटामुक्त वस्तीचं बक्षीस सलग इतकी वर्षं मिळालं की ढाली ठेवायला देवळात जागा उरली नाही. एक ढाल गिरणीच्या पाळ्याखाली टेकू म्हणून लावली होती.

‘बाया ती ओवी अजून म्हणतात का?’ नीरानं विचारलं. ‘पाण्याला पायवाट?’

‘दुसरी ओळ न्हाई म्हनत कुणी,’ सीनाक्का म्हणाली. ‘कशाला म्हनायची?’

*

दुपारी सगळी वस्ती सीनाक्काच्या तराफ्याभोवती जमली. तांबोळी साहेबांच्या हातात मोजणीची पाटी होती. तिच्यावर अंक हिरवा, पिवळा, तांबडा होत असे. सकाळपासून तो तांबडा होता.

‘आमी हलणार न्हाई!’ सीनाक्का म्हणाली.

‘आमी हलणार न्हाई!’ शेकडो गळ्यांतून एकच आवाज उठला. बाया उभ्या होत्या, कडेवरची पोरं मुठी वळून होती, म्हातारे काठ्या आपटत होते. पाणी थरथरलं. नीराच्या अंगावर काटा आला. तिलाही ओरडावंसं वाटलं. हीच तिची माणसं. एवढी चिवट माणसं कोसळतील?

तिनं पाटीकडं पाहिलं. अंक वर चढला होता.

‘असं कसं?’ सीनाक्का चकित झाली. ‘आमी तर न्हाई म्हनतोय की!’

‘तू म्हणालीस म्हणून म्हणतायत, आक्का. हा शेकडोंचा नकार नाही. हा एकटीचा नकार आहे, शेकडो तोंडांनी बोललेला.’

सीनाक्कानं कंबरेवर हात ठेवले. हार मानायची तिला सवय नव्हती. ‘भांडाणच पायजे ना तुझ्या पाटीला? मग घे. ए आर्यनआबा! ए रोहनतात्या! या हिकडं. भांडा.’

आर्यन आणि रोहन ही तोवर म्हाताऱ्यांची नावं झाली होती. दोघे काठ्या टेकत पुढं आले आणि एकमेकांकडं बघून लाजले.

‘कशावरनं भांडू, आक्का?’ आर्यनआबांनी विचारलं.

‘मी सांगू व्हय आता? कोंबड्यावरनं भांडा!’

‘रोहनराव,’ आर्यनआबा घसा खाकरून म्हणाले, ‘तुमचा कोंबडा फार लवकर आरवतो.’

‘चुकलंच त्याचं,’ रोहनतात्या म्हणाले. मग काहीतरी कमी पडतंय असं वाटून त्यांनी जोडलं, ‘हलकट माणसा.’

‘अरे वा! छान!’ मागून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या. आर्यनआबांनी तात्यांचा खांदा दाबला, ‘लागलं न्हाई ना?’ असं विचारलं, आणि दोघांनी वळून सीनाक्काकडं पाहिलं, बरं झालं का, म्हणून.

अंक आणखी चढला.

हशा विरला.  सीनाक्कानं गळ्यातला जीवमणी काढून नीराच्या हातात दिला. ‘मीच जाते. काठावर जाते ऱ्हायाला. मग तर तुमचं गणित सुटंल?’

एक बाई हुंदका देऊन पुढं धावली. तिच्यामागं दुसरी. माणसं तराफ्यावर चढू लागली, तिचे पाय धरू लागली. ‘आक्का, तुमी गेलात तर आमी बी येणार.’ ‘आक्का, आमचं काय चुकलं सांगा.’ तराफा एका बाजूला कलला. इतक्या प्रेमानं कुणी कुणाला बुडवताना नीरानं कधी पाहिलं नव्हतं. तांबोळी साहेबांनी पाटी छातीशी धरली, जणू तीच बुडेल.

‘मॅडम,’ ते हळूच म्हणाले, ‘मला दोरवाल्यांना बोलवावं लागेल.’

‘नाही. उन्हं कलेपर्यंत वेळ आहे. आणि त्यानंतरही तुम्ही दोर सोडलेत, तर पहिला मला सोडावा लागेल.’ तिनं आक्काच्या खुंट्याचा एक दोर मनगटाला गुंडाळला. ‘समीकरण माझं आहे, तांबोळी साहेब. त्यात ओढ कमी करा एवढंच मी लिहिलेलं नाही. रेटा वाढवा असंही लिहिलंय. ते पान मंडळानं कधी उलटलं नाही.’

‘रेटा कसा वाढवतात, ते लिहिलंय का?’

 ते लिहिलेलं नव्हतं. ते तिला माहीतच नव्हतं.

*

माणसं पांगली, पण लांब गेली नाहीत. नीरानं मनगटाचा दोर सोडवला आणि शेजारच्या तराफ्यावर पाय टाकला. पाय टाकायला फट नव्हतीच. ठकूमावशीचं घर सीनाक्काच्या घराला कानशिलाला कानशील लावून उभं होतं.

ठकूमावशी कपडे वाळत घालत होती. सडपातळ, कमी बोलणारी बाई. सीनाक्काची सावली म्हणायचे तिला. पंचवीस वर्षांत तिनं सीनाक्काच्या शब्दाला ‘व्हय’ सोडून दुसरं उत्तर दिलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

‘मावशी, तुम्ही मघाशी आला नाहीत.’

‘धुणं हुतं.’

नीरानं तिच्या हातातलं लुगडं घेऊन पिळलं. ज्या बांबूवर ते टाकलं तो जुना होता, काळपट, तेल मुरल्यासारखा. एका टोकाला लोखंडी कडं, दुसऱ्या टोकाला रबराची टोपी. छपराखाली दोन दोऱ्यांनी बांधून त्याची वलण केलेली होती, पण वलणीला लोखंडी कडं कशाला लागतं? नीरानं असे बांबू लहानपणी घराघराच्या मधे पाहिले होते.

‘हा रेट्याचा आहे.’

‘व्हय. ह्यांचा.’

‘आक्कानं सगळे काढून टाकायला लावले होते ना?’

‘मी कपड्याला ठेवते म्हनलं. बाईमाणसाला कोण नगं म्हनतं.’

नीरानं घडी झटकली.  ‘मावशी, त्या दिवशी वादळात तुम्ही रेट म्हणून ओरडत होतात.’

ठकूमावशीच्या हातातला सदरा पाण्यात पडता पडता राहिला. तिनं तो वर घेतला, झटकला, वलणीवर टाकला, बाह्या सरळ केल्या.

‘तुला आठवतंय व्हय अजून?’

‘मी त्याच्यावर जन्म काढला.’

‘म्या बी,’ ठकूमावशी म्हणाली.

नीरा थांबली. पुढचं विचारायचं होतं. बोला, सगळ्यांसमोर बोला, एवढंच म्हणायचं होतं. पण आपण म्हटलं आणि मावशी ‘व्हय’ म्हणाली, तर तोही रोहनतात्यांचा कोंबडाच होईल, हे तिला दिसत होतं. आज या वस्तीत कुणाला काही सांगणं हेच पाप होतं. जे येईल ते आपणहून यायला हवं होतं, आणि न आलं तर न येवो. तिनं रिकामी बादली उपडी ठेवली आणि ती परत फिरली.

‘तुझी आक्का लई चांगली बाई हाय,’ मागून मावशीचा आवाज आला. ‘म्हणून तर इतकी वर्सं बोलले न्हाई.’

*

उन्हं कलली. काठाकडून दोर सोडणाऱ्यांच्या तीन होड्या निघालेल्या दिसल्या. उदकवाडी सीनाक्काभोवती दाटीवाटीनं बसली होती. प्रत्येकानं आपापला दोर धरला होता. कुणी आवाज केला नाही. कुणी हललं नाही. लढायला बसलेली इतकी माणसं नीरानं कधी पाहिली नव्हती, आणि पाटीवरचा अंक इतका तांबडा कधी पाहिला नव्हता.

तेव्हा ठकूमावशीनं वलणीवरचे कपडे काढायला सुरुवात केली.

सदरा काढला, घडी केली. लुगडं काढलं, घडी केली. छपराच्या दोऱ्या सोडल्या. बांबू उतरवला, त्याची रबराची टोपी हातानं पुसली. मग ती आपल्या तराफ्याच्या कडेला आली, बांबूचं टोक सीनाक्काच्या तराफ्याला लावलं, दुसरं टोक कमरेशी घेतलं आणि पाय रोवून जोर लावला.

लाकूड करकरलं. दोर ताणले गेले. आधी बोटभर, मग हातभर फट पडली, आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोन घरांच्या मधून पाणी वाहिलं.

‘ठके!’ सीनाक्का उठून उभी राहिली. ‘काय करतीस?’

‘रेटतीया.’

‘खुळी झालीस? ठेव ते खाली.’

‘न्हाई.’

हा शब्द इतका लहान होता की लांबच्यांना ऐकूच गेला नाही. पण गळ्यांतल्या मण्यांना गेला. कुणीतरी ओरडलं, ‘ए ठकूबाई, आक्कांना उलटून बोलतीस? लाज वाटती का?’

‘बोलू दे की तिला!’ दुसरं कुणी ओरडलं. ‘तू कोण गप करणार?’

‘तू मला शिकवतोस? मागल्या साली माझं जाळं फाडलंस ते इसरलो न्हाई मी, आक्काच्या तोंडाकडं बघून गप ऱ्हायलो!’

‘मग आता का तोंड फुटलं?’

आर्यनआबा उभे राहिले.  ‘आणि तो कोंबडा,’ ते रोहनतात्यांना म्हणाले, आणि या वेळी त्यांनी कुणाकडंही वळून पाहिलं नाही, ‘तो कोंबडा खरंच माझ्या उशाशी आरवतो. इतकी वर्षं मला झोप न्हाई, भाड्या.’

एका टोकाला कुणीतरी गिरणीच्या पाळ्याखालची ढाल उपसली. दुसरीकडं एका पोरीनं आपल्या घराचा दोर खुंट्यावरून सोडला आणि शेजारणीच्या दाराला नेऊन बांधला. लहान लहान फटी पडू लागल्या. तराफे वेगवेगळे डुलू लागले, प्रत्येक आपापल्या लाटेवर.

‘मॅडम,’ तांबोळी साहेब कुजबुजले. पाटी पिवळी झाली होती. ते बघत असतानाच अंक एकच्या खाली आला आणि आकड्याच्या कडेला फिकट हिरवं उगवलं. त्यांनी होड्यांना हात केला: थांबा.

नीराला हसावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं. तिचं गणित खरं ठरलं होतं, आणि पहिल्यांदाच कुणाचं घर न मोडता. तिनं आक्काकडं पाहिलं.

सीनाक्काच्या चेहऱ्यावर मोठा सुटकेचा भाव होता. आक्काला वाटलं, आपल्याला सगळं समजलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसत हसत फटीच्या कडेला आली. पलीकडं ठकूमावशी अजून बांबूला भिडून उभी होती, हातांच्या शिरा तट्ट फुगलेल्या.

‘बास गं माझी बाय,’ सीनाक्का म्हणाली. ‘उतरला आकडा. वाचवलंस समद्यांना. येवढं ब्येस नाटक मला सुदिक जमलं नसतं. आता ठेव त्यो बांबू, आणि ये हिकडं.’ तिनं फटीवरून हात पुढं केला.

गलका थांबला. सगळ्या माना ठकूमावशीकडं वळल्या. पाटीवरचं हिरवं थरथरलं. तो हात तिनं धरला असता, तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं गोड झालं असतं, हे तिथं नीराशिवाय कुणाला कळत नव्हतं.  आणि नीराला बोलायचा अधिकार नव्हता.

ठकूमावशीनं हाताकडं पाहिलं. याच हातानं तिचं कुंकू पुसलं होतं. याच हातानं नंतर महिनाभर तिला घास भरवले होते. 

‘नाटक न्हाई, सीने,’ ती म्हणाली. ‘हात माघारी घे.’

‘आगं पर...’

‘ऐक. मी येकदाच सांगणार हाय. महादूनं तुझं ऐकलं हुतं. त्याच दिशी दुपारी. पलीकडच्या घरात जाऊन च्या पिऊन आला, हसत आला, म्हनला, सीनेचा शबूद राखला, मिटलं समदं. ह्यो बांबू त्यानं सोताच्या हातानं काढला आणि छपरावर टाकला. सांजच्याला वादळ आलं. दोन्ही तराफं येकमेकावर आलं, त्यो मधी सापडला. मी पलीकडच्या बाईला म्हनत हुते, रेट गं, रेट. ती बिचारी उघड्या हातानं रेटत हुती. दोर दिला हुता त्यांनी, सीने. दोन-दोन दोर हुते. बांबू नव्हता.’